अर्धी बुडी

आमच्या घराची पाठ गावाकडं होती आणि तोंड वस्तीकडं. मागच्या खिडकीतून गावाचा पार दिसायचा, पुढच्या दारातून माझ्या आईबापाचं छप्पर. मधे आमच्या दोन खोल्या आणि त्यांना चिकटून पत्र्याचं प्रार्थनाघर. पालमहून येणारी एस.टी. त्या प्रार्थनाघरासमोर वळायची आणि आल्या वाटेनं परत जायची, कारण पुढं रस्ताच नव्हता. बायका लग्न करून चार गावं ओलांडतात. मी बौद्ध वस्तीतून उठले आणि वस्तीच्या तोंडाशी येऊन बसले. त्या वळणाऱ्या गाडीकडं बघत मी लय वर्षं काढली, आणि खरं सांगायचं तर दातओठ खात काढली.

नवरा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर आणि रविवारी पाळक. सगळं गाव त्यांना गुर्जी म्हणायचं, म्हणून मी पण गुर्जीच म्हणायची. त्यांची मंडळी म्हणजे सात-आठ ख्रिस्ती घरं. हे लोक बॅप्टिस्ट. म्हणजे काय ते मला लग्नानंतर कळलं. तान्ह्या लेकराच्या डोक्यावर पाणी शिंपडून ह्यांच्यात कोणी ख्रिस्ती होत नाही. मोठ्या माणसानं स्वतःच्या तोंडानं, चारचौघांत सांगायचं की माझा विश्वास आहे. मग पाळक त्याला पाण्यात पुरतं बुडवून वर काढतो. डोक्याचा एक केस कोरडा राहिला तर चालत नाही. त्याला ते बाप्तिस्मा म्हणायचे. गाव म्हणायचं बुडी. आणि ज्याची बुडी झाली नाही, त्याला प्रभुभोजनाची भाकर मिळत नाही.

प्रभुभोजन महिन्याच्या पहिल्या रविवारी असायचं. आता गंमत बघा, त्याची भाकर मीच करायची. गव्हाची, बिनखमिराची, पातळ. द्राक्षाचा रस आमच्याकडं कुठून येणार, म्हणून मनुका रात्रभर भिजवून त्याचं पाणी काढायची. सगळं तयार करून ताट झाकून द्यायचं आणि दाराजवळ पोत्यावर जाऊन बसायचं. भाकरीच्या तुकड्यांचं ताट माझ्यापर्यंत आलं की पुढच्या बाईकडं सरकवायचं. पाळकाची बायको, आणि तिलाच भाकर नाही! नव्या आलेल्या सुना माझ्याकडं अशा बघायच्या की मी कुणाचं काय चोरलं आहे.

मंडळी तुकडा तोंडात टाकून डोळे मिटायची. गुर्जी सगळ्यांच्या मागून खायचे. त्यांची सवयच ती. शाळेत सुकडी वाटायची झाली तरी शेवटच्या पोराच्या हातात पडेपर्यंत स्वतः चिमूटभर घ्यायचे नाहीत. पोरं म्हणायची, गुर्जी, संपली की. तर हसून वाटी पुसून ठेवायचे. ते खात असताना प्रार्थनाघरात फक्त माझे डोळे उघडे असायचे. डोळे मिटायचा नियम खाणाऱ्यांना होता, मी कशाला मिटू?

माझी बुडी का झाली नाही, तर त्याला आबा कारण. आबा म्हणजे माझे वडील. छप्पन साली दीक्षा घेतली आणि घरातले देव स्वतः टोपलीत भरून गोदावरीत सोडून आले. परत येताना टोपली पण आणली नाही, म्हणाले, तिला वास राहिला असंल. असा माणूस. गुर्जी बदली होऊन गावात आले तेव्हा बिनलग्नाचे होते. वस्तीची पोरं आणि गावातली पोरं एकाच तरटावर बसवायचे, आज पहिल्या रांगेतला उद्या शेवटच्या रांगेत. आबांना ते फार भावलं. गुर्जींच्या मनात मी कधी भरले ते मला माहीत नाही, विचारलं की अजून लाजतात. जात म्हणाल तर त्यांच्या आज्याच्या आधी त्यांची आमची एकच.

मागणी ऐकून आबांनी एकच अट घातली. "तुमी मला पसंत हाव. पण पोरीला पाण्यात घालायचं न्हाई. एकदा बाहेर काढलंय मी तिला. आता परत कशात घालू देणार न्हाई."

गुर्जी म्हणाले, "तिनं मनापासून मागितल्याबिगर मी घालणारच न्हाई. आमच्यात ते चालतच न्हाई."

आबा खूश. शब्द दिला-घेतला, चहा झाला. मी आत चुलीपुढं बसून ऐकत होते. मला कोणी विचारलंच नाही की बाई, तुझं काय म्हणणं आहे. आणि माझं म्हणणं मला तरी कुठं माहीत होतं? रविवारची गीतं मला आवडायची. गुर्जी डोळे मिटून प्रार्थना करायचे तेव्हा त्यांच्या आवाजानं माझं हातातलं काम थांबायचं. पण 'माझा विश्वास आहे' असं मनात नुसतं जुळवायला गेलं की आबा ती रिकामी वाट चालत येताना दिसायचे, हातात टोपली नसलेले. माझं तिथंच अडायचं.

गावात गिरणी एक आणि पायऱ्यांची बारव एक. दोन्ही एकाच मालकाच्या. बारव मळ्यातली, पिकाच्या पाण्याची, म्हणून तिथं मंडळीला बुडीची परवानगी होती. मालकाला बुडीची भारी हौस. दरसाल पावसाळा सरता सरता बुडीचा रविवार ठरला की तो बारवेच्या काठावर घोंगडी टाकून बसायचा. गावातली माणसं, बायका, पोरं, सगळी जत्रेला आल्यासारखी. कोण किती घाबरला, कुणाच्या नाकात पाणी गेलं, ह्याच्यावर महिनाभर गप्पा. सगळं झालं की मालक गड्याकरवी बारवेत गोमूत्र शिंपडायचा. तेही लपून नाही, आमच्यादेखत, हसत हसत. गुर्जी ओल्या अंगानं त्याला नमस्कार करून यायचे. घरी आले की मी विचारायची, "तुमाला काहीच वाटत न्हाई का हो?" तर म्हणायचे, "पाणी दिलं की त्यानं." मला वाटायचं कपाळ बडवून घ्यावं.

अठ्ठ्याहत्तर साली विद्यापीठाचं नाव बदलायचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला. आजूबाजूच्या गावांतून वस्त्या जाळल्याच्या बातम्या यायच्या. आमच्या गावानं काडी लावली नाही. आमच्या गावानं पाठ फिरवली. वस्तीतली तरणी पोरं परभणीला मोर्चात जाऊन आली, त्याच्या दुसऱ्या दिवशी पारावर ठरलं: वस्तीतल्या माणसाला कामाला बोलवायचं नाही, दुकानातून मीठमिरची द्यायची नाही, गिरणीत दळण घ्यायचं नाही. ख्रिस्ती घरांना त्यातून सोडलं. म्हणे मिशनवाले वेगळे, ते नामांतरात नाहीत. खरं कारण म्हणजे सगळ्यांनाच बंद केलं असतं तर ह्यांची गुरं कोण वळणार होतं?

दुकानाचं नडलं तरी पोरं पालमच्या बाजारातून पिशव्या भरून आणायची. पण दळण डोक्यावर घेऊन पालमला कोण जाणार? गिरणी आल्यापासून वस्तीतल्या बायकांनी दळायची दगडी जाती कोपऱ्यात ढकलली होती. कुणाच्या जात्याचा खुंटा गेला होता, कुणाची वरची तळी अंगणात धुणं आपटायला पडली होती. त्यात माझ्या मायच्या उजव्या अंगावरून वारं गेलेलं. तिच्या घरी चांगलं जातं होतं, पण एका हातानं तिला ते ओढवत नव्हतं. तोंडात दात नव्हते, त्यामुळं ज्वारीच्या घुगऱ्या चावत नव्हत्या. आबा तिला ज्वारी वाटून पातळ आंबील करून द्यायचे आणि ती तोंड फिरवायची. म्हणायची, "भाकर दे गं मला. आंबीलीनं तोंड बेचव झालं."

मग मी माझ्या डब्यात तिची ज्वारी नेऊन दळून आणायला लागले. मायची नेली तर शेजारणीची का नाही? तिची नेली तर बाळंतिणीची का नाही? डबा गेला, पोतं आलं. गिरणीवाल्या मालकाच्या डोळ्यांत ते आलं नसतं तरच नवल.

"मास्तरीणबाई, गुर्जींना जेवण लय लागायलंय की आजकाल."

"दिवसभर तुमच्या पोरांपुढं घसा फोडतात. भूक लागती," मी म्हणाले.

बसलेली माणसं हसली, मालक पण हसला आणि दळून दिलं. पण आठवडाभरात मी परत पोतं घेऊन गेले तेव्हा त्यानं पट्टा थांबवला. गिरणीची घरघर बंद पडली आणि सगळे माझ्याकडं बघायला लागले.

"बाई, तुमी कुणाच्या?"

"गुर्जींच्या. कुणाच्या म्हणजे?"

"तसं न्हाई. मिशनच्या का वस्तीच्या?"

"लग्न झालेली बाई नवऱ्याच्या घरची असती. तुमच्यात वेगळं असतं का?"

"असती ना," मालक म्हणाला. "पण मिशनचं मानूस व्हायला बुडी लागती. मी दरसाल काठावर बसतो. एवढ्यांच्या बुड्या बघितल्या, तुमची काय आठवंना मला." आणि बाकीच्यांकडं वळून विचारलं, "कुणी बघितली का रं?"

"झालीच न्हाई!" मागून कोणीतरी म्हणालं.

झालं. ज्यांना बाप्तिस्म्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, त्यांनी माझा निकाल लावला. मंडळीत सुद्धा एवढ्या स्पष्ट शब्दांत मला कोणी बोललं नव्हतं. मालकानं माझं पोतं पायानं बाजूला सारलं आणि आवाज खाली आणून, अगदी मायेनं म्हणाला, "घ्या की एकदाची बुडी. बारव आपलीच हाय. मग रोज पोतं आणा. कुणाचं हाय ते मी इचारणार न्हाई."

त्याला सगळं माहीत होतं. वस्तीचं पीठ माझ्या नावानं जातंय हे पण, आणि ते तसंच चालू द्यायची त्याची तयारी होती. त्याला फक्त मला पाण्यात जाताना बघायचं होतं. पोतं डोक्यावर घेऊन घरी येताना मी त्याला वाटभर शिव्या घातल्या.

गुर्जी शाळेतून आले तसं मी सांगितलं. म्हणाले, "मग?"

"मग काय? बुडवा मला. येत्या रविवारी."

"विश्वास हाय तुझा?"

"माय उपाशी हाय माझी!"

ते बाजेवर बसले. म्हणाले, "माझ्या आज्याला दुष्काळात बुडी मिळाली. मरस्तोवर गाव त्याला खिचडीचा ख्रिस्ती म्हणायचं. त्याचा विश्वास होता का न्हवता, एका माणसानं इचारलं न्हाई. मला शाळेत पोरं तेच म्हणायची. मी पिठासाठी कुणाला बुडवणार न्हाई. तुला तर न्हाईच न्हाई."

"मग मायला काय घालू? तुमचं तत्त्व भिजवून घालू?"

गप्प. त्यांचं ते गप्प बसणं मला आयुष्यभर कापत आलं आहे. ओरडणाऱ्या नवऱ्याशी बाई भांडू शकते.

मंडळीचा कारभार बघणाऱ्या म्हाताऱ्यांना, ज्यांना मंडळीत वडील म्हणायचे, गिरणीतली गोष्ट कळली आणि त्यांना तर आनंदच झाला. इतकी वर्षं त्यांच्या मनात होतंच की ज्याच्या घरात बुडी नाही त्यानं आम्हाला काय बुडवावं. एक म्हातारे मला म्हणाले, "बाई, देव कुणाच्या पण तोंडानं बोलतो. मालकाच्या तोंडानं बोलला असंल." देवाला दुसरं तोंड मिळालं नाही का, असं माझ्या जिभेवर आलं होतं. गिळलं.

पुढच्या रविवारी उपासनेत, गीत संपल्यावर, मी पोत्यावरून उठून उभी राहिले आणि म्हणाले, "मला बाप्तिस्मा पाहिजे." सगळी मंडळी माझ्याकडं वळली. बायकांनी हालेलुया म्हटलं, त्या म्हाताऱ्यांनी दोन्ही हात वर केले. गुर्जी माझ्याकडं बघत राहिले. चारचौघांत मागितलेला बाप्तिस्मा पाळकाला नाकारता येत नाही, हे मला माहीत होतं. त्यांच्याच नियमात मी त्यांना धरलं होतं. "बरं," ते म्हणाले. "येत्या रविवारी."

आबा त्याच दिवशी आले. अंगणातच उभे राहिले. "पिठासाठी चाललीस?"

"मायसाठी."

"ते पीठ माझ्या घरात येणार न्हाई."

"मग तुमी नका खाऊ. मायला मी इथं आणून खाऊ घालीन."

आबांना आयुष्यात मी असं उलट बोलले नव्हते. ते वळून वस्तीकडं निघून गेले. त्यांची पाठ बघून मला रडू आलं. पण मी पण त्यांचीच लेक, ठरवलं ते ठरवलं.

रविवारी बारवेवर गाव लोटलं होतं. मालकाची घोंगडी पुढंच, मळणीच्या खळ्यावर बसल्यासारखा मांडी घालून बसला होता. मी आबांना शोधत होते. ते लांब बांधावर उभे होते, बारवेकडं यायला वस्तीच्या माणसाला मनाई होती म्हणून. एवढ्या लांबून मला फक्त त्यांचं धोतर दिसत होतं.

गुर्जी आधीच कमरेएवढ्या पाण्यात उतरले होते. मी एक एक पायरी उतरले. पाणी थंडगार होतं आणि लुगडं फुगून वर यायला लागलं, ते मी मुठीत धरलं. ते माझ्याजवळ आले. एक हात माझ्या पाठीमागं, दुसरा माझ्या जोडलेल्या हातांवर. इतक्या लोकांना ह्या हातांनी बुडवताना मी काठावरून बघितलं होतं. आता ते हात माझ्या अंगावर होते आणि माझ्या मनात येत होतं, बुडवा लवकर, मायला आज संध्याकाळी भाकर मिळंल.

त्यांनी मोठ्यानं विचारलं, "प्रभूवर तुझा विश्वास आहे का?"

"हो," मी मोठ्यानं म्हणाले.

मी डोळे मिटून श्वास धरला. पाठीमागचा हात हलेना. डोळे उघडले तर ते माझ्याकडंच बघत होते. हळूच म्हणाले, "खरं सांग."

"बुडवा की अवो. लोक बघायलेत."

"मी पण बघायलोय," ते म्हणाले.

आणि मग त्यांनी हात काढला, काठाकडं तोंड केलं, आणि वर्गात पाढे म्हणून घेताना लावायचे त्या आवाजात म्हणाले, "हिच्या विश्वासाची साक्ष मला मिळाली नाही. आज बाप्तिस्मा होणार नाही."

क्षणभर कुणाला काही कळलंच नाही. मग मालक खो खो हसायला लागला. "अर्धी बुडी! अर्धी बुडी झाली!" सगळा काठ हसायला लागला. गुर्जी माझा हात धरून मला पायऱ्या चढवत होते. कमरेखाली मी चिंब, डोक्यावरचा पदर कोरडा ठणठणीत. त्या दिवसापासून गावात माझं नाव अर्धी बुडी पडलं, ते आजतागायत. लहान लेकरं सुद्धा म्हणायची.

घरी आल्यावर मी जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. भर गावात तोंडावर पाडलं मला, मायच्या तोंडचा घास काढला, तुमाला तुमचा स्वर्ग प्यारा, असं बरंच. मी खोटं बोलले होते आणि मला त्याची काडीची लाज नव्हती. वेळ आली तर परत बोलले असते. ते धोतर पिळून दोरीवर टाकत होते. शेवटी म्हणाले, "तुझ्या तोंडावर दिसायलं होतं. माझा हातच फिरला न्हाई." एवढंच.

संध्याकाळी आबा आले. ह्या वेळेस घरात आले, आजवर कधी आले नव्हते. बाजेवर बसले, पाणी मागून घेतलं, आणि गुर्जींना म्हणाले, "तुमी शबूद ठेवला." दोघं पुरुष एकमेकांकडं बघून गहिवरले. आणि मी? मी चुलीपुढं तशीच बसलेली. लग्न ठरलं त्या दिवशी बसले होते, अगदी तशीच. दोघांचा शब्द राहिला. मायची भाकर तेवढी राहिली.

दुसऱ्या दिवशी मालकानं निरोप पाठवला, बाईचं बंद, पण गुर्जींचं दळण चालंल. गुर्जींनी उलट निरोप दिला, "तिचं न्हाई तर माझं न्हाई." आणि सकाळी शाळेच्या आधी ते माझ्याबरोबर वस्तीत आले. मायच्या जात्यापुढं मी बसले, तर समोर हे बसले. गडीमाणूस जात्यावर! खुंटा धरायचा कसा ते माहीत नाही, मी ओढते तर हे ढकलतात, ज्वारी जात्यात कमी आणि अंगणात जास्त. वस्तीतल्या बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. माय एका हातानं मांडीवर थाप मारत म्हणाली, "जावयाला म्हणावं पाढे म्हण, हे ऱ्हाऊ दे." लकवा झाल्यापासून ती इतकी हसलेली मी बघितली नव्हती. त्या दिवशी तिनं भाकर खाल्ली, गुर्जींच्या हातची जाडीभरडी. आबांनी पण खाल्ली.

मग बाकीच्या बायकांनी पण आपापली जाती बाहेर काढली. हात सोलपटले, खांदे भरून आले, पण वस्ती जगली. पुढं ज्वारी काढणीला आली, गावाला माणसं लागली, आणि एक दिवस कुणी काही न बोलता गिरणी सगळ्यांना चालू झाली. कुणाला काही पश्चात्ताप वगैरे झाला नाही. पीक उभं होतं, एवढंच.

पण त्याच्या आधीची गोष्ट सांगायची राहिली. बुडीनंतरचा पहिला प्रभुभोजनाचा रविवार. गहू मी मायच्या जात्यावर दळले, भाकर केली, आणि पोत्यावर जाऊन बसले. बायका माझ्याकडं बघत नव्हत्या. ताट आलं, मी पुढं सरकवलं. सगळ्यांनी डोळे मिटले. ताट फिरून गुर्जींकडं गेलं. त्यांनी शेवटचा तुकडा उचलला. धरला. आणि परत ताटात ठेवून वर फडकं झाकलं. तोंड हललं नाही. मग डोळे मिटून त्यांनी आभाराची प्रार्थना केली.

मला वाटलं, विसरले. पुढच्या महिन्यात पण तेच. तिसऱ्या महिन्यात मी ताट धुवायला घेतलं तेव्हा तो वाळलेला तुकडा त्यांच्यापुढं धरला. "हे काय?"

"ऱ्हाऊ दे. चिमण्यांना टाक."

"तुमी खाल्लं न्हाई."

"पोट भरलेलं हाय माझं," ते म्हणाले आणि वह्या तपासायला बसले.

मला समजायला वेळ लागला नाही. ह्या माणसानं मला पाण्यातून वर काढलं आणि स्वतःला बांधून घेतलं: मी नाही म्हणालो म्हणून तिला भाकर नाही, तर मला पण नाही. त्यांच्या धर्मात त्यांना जे सगळ्यांत प्यारं, ते माझ्यासाठी सोडलं, आणि मला एका शब्दानं बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. मी म्हणाले असते, मी सांगितलं होतं का? आता काय म्हणू? उद्या मी खरंच पाण्यात उतरले तर कशासाठी उतरणार? ह्यांच्या तोंडात तो तुकडा पडावा म्हणून. आणि तसं उतरलेलं त्यांना चालणार नव्हतं. पिठासाठी चालत नाही, तर नवऱ्यासाठी कसं चालंल? माझ्या तोंडावर परत दिसलं असतं. खोटं मला जमत नव्हतं आणि खरं होत नव्हतं. मंडळीत ते कुणाला कळलं नाही, कारण सगळ्यांचे डोळे मिटलेले. कळलेली मी एकटी. महिन्यातून एकदा मला ते बघायचं असायचं, आणि बघितल्याबिगर राहवत पण नव्हतं.

वर्षं अशीच गेली. बदलीचा अर्ज करा म्हणून मी पाठीमागं लागायची, तर म्हणायचे, मंडळीला कोण आहे? मंडळीतल्या वडीलधाऱ्यांना दुसरा पाळक पाहिजे होता, पण बिनपगारी आमच्या गावाला कोण येणार? तेव्हा लहान असलेली आमची लेक मोठी झाली आणि एक दिवस स्वतः उठून उभी राहिली. तिची बुडी झाली, पुरती. वर आली तेव्हा तिच्या तोंडावर जे होतं ते मी काठावरून बघितलं. गुर्जींना माझ्यात काय दिसलं नव्हतं, ते मला त्या दिवशी समजलं. आता घरात ताट सरकवणारी मी एकटी राहिले. माय गेली, मग आबा गेले. एस.टी. यायची, वळायची, जायची.

चौऱ्याण्णव साली संक्रांतीच्या दिवसांत नामविस्तार झाला. जे मागितलं होतं ते पूर्ण मिळालं नाही, जुन्या नावाला नवं नाव जोडून मिळालं. तरी वस्तीत हलगी वाजली. विहारापुढं सगळी वस्ती जमली होती, जयभीमच्या घोषणा चालल्या होत्या, आणि आम्हा दोघांना पोरांनी हाताला धरून नेलं. पेढ्यांचं ताट गुर्जींच्या हातात दिलं, म्हणाली, गुर्जी, तुमी वाटा, आमाला सगळ्यांना तुमीच शिकवलंय. गुर्जींनी वाटले. म्हाताऱ्यांना, बायकांना, कडेवरच्या लेकरांना. मला दिला. मी खाल्ला. आबांची आठवण आली, तरी खाल्ला. मग इकडंतिकडं बघून, कुणी राहिलं का ते विचारून, त्यांनी शेवटचा पेढा स्वतःच्या तोंडात टाकला.

मी बघतच राहिले. इतक्या वर्षांत त्यांना वाटणीच्या ताटातलं काही खाताना मी बघितलं नव्हतं. डोळे मिटून खाल्ला, सावकाश, अगदी प्रार्थनाघरात पूर्वी खायचे तसा.

घराकडं येताना माझ्यानं राहवेना. "तिथं खाल्लं. आपल्या प्रार्थनाघरात कधी खाणार?"

ते थांबले. त्यांचे केस पांढरे झाले होते, चालताना दम लागायचा. माझ्याकडं न बघता म्हणाले, "तिथं सगळ्यांनी घेतलं होतं."

मला राग आला, रडू आलं, दोन्ही एकदम. मी म्हणाले, "तुमी लय वाईट मानूस हाव." ते म्हणाले, "हाय खरा." आणि आम्ही घरी आलो.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी मी गहू दळले, भाकर केली, ताट झाकून दिलं आणि दाराजवळ पोत्यावर जाऊन बसले. ताट आलं. मी ते नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ धरलं. मग पुढच्या बाईकडं सरकवलं. सगळ्यांनी डोळे मिटले, आणि मी गुर्जींकडं बघत राहिले.